साडेसहा ते सूर्यास्त

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एक निवेदन तयार झालं आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार वेळेवर हवा. त्यातच एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. एका टोकाला घड्याळ, दुसऱ्या टोकाला सूर्य. इतिहासाने सगळा मान रविवारच्या सुट्टीला दिला, आणि १० जून १८९० ला मिळालेल्या त्या सुट्टीचा तो हक्कच आहे. पण खगोलाच्या अंगाने पाहिलं तर मला ही दुसरी मागणी जास्त हुशारीची वाटते.

गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की साचे सुरू, धागा दिसेनासा झाला की बंद. कामाचे तास दिनमानावर चालायचे. मुंबईचं दिनमान २२ डिसेंबरच्या सुमाराला ११ तासांना मिनिटभर कमी असतं आणि २१ जूनला सव्वातेरा तास. म्हणजे तोच कामगार, तोच साचा, पण जूनमधली हजेरी डिसेंबरपेक्षा सव्वादोन तासांनी लांब.

हे सव्वादोन तास येतात कुठून? पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा, असं शाळा सुटल्यावरही अनेकांच्या मनात राहतं. वस्तुस्थिती उलटी आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर. दादरच्या घराघरांत पहाटे पाचला अंधारात टीव्ही लावून जी मेलबर्नची डिसेंबरातली कसोटी पाहतात, तिच्यातले खेळाडू भर उन्हाळ्यात खेळत असतात. अंतर दोन्ही शहरांना सारखंच, ऋतू मात्र वेगळे.

खरं कारण पृथ्वीच्या आसाचं. तो सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला राहतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा उत्तर गोलार्ध कधी सूर्याकडे झुकतो, कधी त्याच्यापासून कलतो. मुंबई १९ अक्षांशावर आहे. चोवीस तासांत ती पृथ्वीबरोबर एक वर्तुळ पूर्ण करते. जूनमध्ये या वर्तुळाचा निम्म्याहून जास्त भाग उजेडात असतो, डिसेंबरमध्ये निम्म्याहून कमी. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना जवळजवळ निम्मा-निम्मा. सुपारीबागेतल्या सभा अशाच विषुवदिनाच्या आसपास झाल्या होत्या.

हाच कल उत्तरेकडे फार जाचतो. मँचेस्टरला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा आणि जूनमध्ये सतरा तासांचा. एवढ्याशा हिवाळी उजेडावर गिरणी चालवणं परवडणार नव्हतं, म्हणून तिथल्या मालकांनी १८०५ च्या सुमारासच गिरणीत गॅसचे दिवे लावले. मुंबईला हिवाळ्यातही अकरा तास उजेड फुकट मिळत होता. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली, त्यानंतरही अनेक दशकं दिव्यांवाचून इथलं अडलं नाही.

आता त्या साडेसहाचा हिशेब करू. आजच्या घड्याळाने मुंबईत २२ डिसेंबरला सूर्य सात वाजून आठ मिनिटांच्या सुमाराला उगवतो. त्या काळी शहर मुंबईच्या स्थानिक वेळेवर चालायचं, म्हणजे आजच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. तेव्हाच्या घड्याळात हा सूर्योदय साडेसहाचाच! हिवाळ्यात या मागणीने मालकाचं काहीच जात नव्हतं. जूनमध्ये मात्र सूर्य ५ वाजून २३ मिनिटांनीच वर येई. तिथे साडेसहापर्यंत थांबलं की कामगाराच्या माथ्यावरचा तासाभराहून जास्त भार उतरे. कुणी पंचांग मांडून हे ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. रोज पहाटे चाळीतून निघणाऱ्याला दिनमान वेगळं शिकवावं लागत नाही.

मग विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा आधारच गेला. १९०५ च्या सुमाराला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यातच १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, घड्याळं ३९ मिनिटांनी पुढे गेली. भोंगा त्याच आकड्याला वाजणार असेल तर कामगाराने पाऊण तासाला थोडं कमी, इतकं लवकर उठायचं. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेकही झाली.

सरकारने मुहूर्तही भलताच निवडला होता. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला, तरी मुंबईचा सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर होतो, आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमाराला. पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ, म्हणून तिचा वेग जास्त. त्यात आसाच्या कलाची भर. परिणामी सूर्य डोक्यावर येण्याची वेळ रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे सरकत जाते. संक्रांतीला ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ म्हणतात ते खरंच आहे, पण ती वाढ संध्याकाळच्या बाजूने होत असते. सकाळी उठणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. नवी वेळ नकोशी झालेले कामगार एकटे नव्हते; मुंबई महापालिकेने तर जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

१९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा आली. जून काय नि डिसेंबर काय, आकडा तोच. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. ती वीज लोणावळ्याच्या तलावांतल्या पाण्याची, आणि ते पाणी मोसमी पावसाचं. आसाच्या कलण्यामुळे सूर्य उत्तरेकडे सरकतो, जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दमट वारे सह्याद्रीवर येऊन आदळतात, म्हणून तो पाऊस पडतो. म्हणजे ज्या कलण्यामुळे डिसेंबरात गिरणी लवकर अंधारायची, त्याच कलण्यावर ती आता सूर्यास्तानंतरही चालू लागली.