कामगंध सापळ्यामागील पॅलेडियम, सुफलामागील प्लॅटिनम

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यातील ल्यूरमध्ये मादी पतंगाचा कृत्रिम गंध भरलेला असतो. ‘गॉसिप्लूर’ नावाच्या या गंधाची ओळख १९७३ मध्ये पटली. त्याच्या सोळा कार्बनच्या साखळीत सातव्या व अकराव्या स्थानी दुहेरी बंध असतात. सातव्या स्थानचा बंध नेहमी ‘सिस’ म्हणजे एकाच बाजूस वळलेला असतो. अकराव्या स्थानचा बंध मात्र निम्म्या रेणूंत सिस, तर निम्म्यांत ‘ट्रान्स’ असतो. नराच्या शृंगिका हा सूक्ष्म भेद ओळखतात. हे प्रमाण बिघडले की पतंग कमी येतात.

सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. त्यामुळे ल्यूर सदोष असेल तर सापळा जवळपास रिकामा दिसतो आणि फवारणीचा निर्णय लांबतो. तोवर अळी बोंडात शिरलेली असते व बाहेरून औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

सिस बंध घडविण्याचा एक रुळलेला मार्ग पॅलेडियम या प्लॅटिनम गटातील धातूवरून जातो. तिहेरी बंध असलेल्या रेणूला हायड्रोजन देताना साधे पॅलेडियम थांबत नाही. ते दुहेरी बंधही मोडून टाकते. हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवर बसविलेल्या पॅलेडियमला शिशाची जोड देऊन त्याची धार बोथट केली. त्यामुळे अभिक्रिया दुहेरी बंधापाशीच थांबते व तो बंध प्रामुख्याने सिसच राहतो. कीटकशास्त्रात ‘विष’ हा शब्द निराळ्या अर्थाने रुळला आहे. येथे उत्प्रेरकाला मुद्दाम दिलेले विषच उपयोगी ठरते. हरभरा व तुरीवरील घाटेअळीच्या गंधातील मुख्य घटकातही असाच सिस बंध असतो.

खतनिर्मितीत या गटाचा वापर याहून कितीतरी मोठा आहे. तुर्भे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या ‘सुफला १५:१५:१५’ या नायट्रोफॉस्फेट खतासाठी नायट्रिक आम्ल लागते. अमोनिया व हवा यांचे मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियम मिश्रधातूच्या बारीक जाळ्यांतून सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला क्षणार्धात पार होते, तेव्हा त्या आम्लाची पहिली पायरी घडते. साधारण ५ ते १० टक्के ऱ्होडियममुळे जाळीला बळकटी येते व प्लॅटिनमची झीज कमी होते. तरीही थोडे प्लॅटिनम वायूबरोबर उडतेच. ते टिपण्यासाठी खाली पुन्हा पॅलेडियमच्या मिश्रधातूची जाळी बसवितात.

ल्यूर उघड्या हाताने हाताळू नये; एका किडीचा ल्यूर हाताळलेला हातमोजा दुसऱ्यासाठी वापरू नये. न उघडलेली पाकिटे थंड जागी ठेवावीत आणि ल्यूर पाकिटावरील मुदतीनुसार बदलावा.