रसाला, शिखरिणी आणि शिकरण

गेली काही वर्षे व्युत्पत्तीच्या तासाला ‘शिकरण’ हा शब्द मी संस्कृत ‘शिखरिणी’चा सरळ तद्भव म्हणून सांगत आलो. हे विधान चुकीचे आहे. ज्यांनी ते माझ्याकडून ऐकून वहीत उतरून घेतले, त्यांतील काही जण आज स्वतः अध्यापन करीत आहेत. म्हणून ते मागे घेण्याचे काम या पत्रिकेतूनच व्हावे हे बरे. चूक ध्यानात आली ती मात्र कोश चाळताना नव्हे, तर उन्हाळ्याच्या सुटीत घरी करून पाहिलेल्या एका पेयामुळे. त्या पेयाची हकीकत शब्दाच्या हकीकतीपासून वेगळी काढता येत नाही, असे मला वाटते.

आज मराठी माणसाच्या मनात शिकरण म्हणजे केळ्याचे काप, दूध, साखर आणि फार तर चिमूटभर वेलदोड्याची पूड. तीत दही नाही. ती ‘खावयाची’ असते. ‘शिकरण प्यालो’ असे कोणी म्हणत नाही. उलट शिखरिणी हे ज्या पदार्थाचे नाव, त्याचा प्राण दही हाच होता. अमरकोशात ‘रसाला’ आणि ‘मार्जिता’ हे शब्द पर्यायवाची म्हणून येतात. रामायणाच्या अयोध्याकांडात भरद्वाजांनी भरताच्या सैन्याचा जो पाहुणचार केला, त्यात रसालेने भरलेल्या डोहांचे वर्णन आहे. अतिशयोक्तीचा भाग सोडला तरी डोह भरावयास पदार्थ पातळच असावा लागतो, एवढे त्यावरून घेण्यास हरकत नाही.

रसाला आणि शिखरिणी एकच, हे स्पष्टपणे सांगणारी कृती चरकसंहितेवरील चक्रपाणिदत्ताच्या टीकेत उद्धृत झालेली आहे. चक्रपाणी हा अकराव्या शतकातील. साय न काढलेले दही चांगले घासून घ्यावे. त्यात चातुर्जातक, जिरे, गूळ, ओले आले आणि सुंठ घालावी, असे तिचे स्वरूप आहे. चातुर्जातक म्हणजे दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र आणि नागकेशर. दह्यात जिरे व आले आपल्याला परके नाहीत, ते मठ्ठ्यात असतात. पण गोड दह्यात तमालपत्र आणि नागकेशर हा प्रकार आजच्या जिभेला अनोळखी आहे. या चारांपैकी नागकेशराविषयी सावध राहिले पाहिजे. ग्रंथांतील नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाच्या फुलांतील पुंकेसर. बाजारात मात्र याच नावाने दुसऱ्या झाडांच्या वाळलेल्या कळ्याही मिळतात, आणि आपल्या गोड्या मसाल्यात बहुधा त्याच पडतात. नाव स्थिर राहते व वस्तू बदलते, याचे हे लहानसे उदाहरण पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

दुसरी कृती सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात आहे, आणि ती प्रमाणांसह असल्यामुळे अधिक मोलाची आहे. म्हशीचे आंबट, पाणी निथळलेले दही एक आढक. पांढरी साखर दोन प्रस्थ. दूध अर्धा घट. स्वच्छ फडक्यावर साखर थोडी थोडी टाकीत, दुधाच्या साहाय्याने हे सर्व नव्या मातीच्या भांड्यात जोर लावून गाळावयाचे. नंतर वेलदोडा, लवंग, चंद्र आणि मिरे यथायोग्य घालावयाचे. येथे ‘चंद्र’ म्हणजे कापूर. चंद्राची सारी नावे कापराला लागू पडतात हे अमरकोश जाणणाऱ्यास ठाऊक असते; न जाणणाऱ्याची भाषांतरात फजिती होते. ही रसाला भीमाने सिद्ध केली व श्रीकृष्णाने ती पुनःपुन्हा आवडीने चाखली, असेही भावमिश्र सांगतो. भीमसेनी कापराशी या भीमाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा.

आता प्रमाणांकडे पाहू. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा घट. म्हणजे दही एक भाग, साखर अर्धा भाग आणि दूध दोन भाग. या प्रमाणाने केलेला पदार्थ श्रीखंडासारखा ताटात वाढता येत नाही. तो पेल्यातूनच घ्यावा लागतो. श्रीखंडाची पूर्वपीठिका म्हणून शिखरिणीचा उल्लेख पुष्कळदा होतो आणि दही टांगण्यापुरता तो खराही आहे. परंतु भावमिश्राच्या रसालेला आजचा सर्वांत जवळचा नातलग श्रीखंड नसून पीयूष होय, कारण त्यातही निथळलेले दही गोड करून पुन्हा पातळ केलेले असते, फक्त दुधाऐवजी ताकाने. (‘श्रीखंड’ हा शब्द ‘शिखरिणी’पासून ओढून काढण्याचे प्रयत्नही होतात. ‘रिणी’चे ‘ंड’ कोणत्या नियमाने झाले, हे त्यांनी दाखवावे.)

ही कृती मी घरी केली. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर समोर धार काढून दूध मिळते अशा गावी म्हशीच्या दह्याची अडचण पडण्याचे कारण नव्हते. पातेल्याच्या तोंडाशी फडके घट्ट बांधून, त्यावर चक्का व साखर ठेवून तळहाताने घासू लागलो, तेव्हा ‘मार्जिता’ या शब्दाचा अर्थ प्रथमच नीट कळला. ‘मृज्’ म्हणजे घासणे, पुसणे, स्वच्छ करणे. कोश ‘मार्जिता’पुढे ‘दही व साखर यांचा पदार्थ’ एवढेच लिहून थांबतो. हात मात्र सांगतो की हे नाव घटकांवरून पडलेले नसून क्रियेवरून पडलेले आहे. चक्रपाणीकडील कृतीतही दह्याला ‘चांगले घासलेले’ असेच विशेषण आहे. आपल्या घरांतून श्रीखंडासाठी चक्का अजूनही याच रीतीने फडक्यातून किंवा पुरणयंत्रातून काढतात. क्रिया टिकली आणि तिचे नाव गेले.

पेला हाती आल्यावर प्रश्न उभा राहिला तो असा : हा पदार्थ आणि केळ्याची शिकरण यांत साखर, दूध व वेलदोडा यांपलीकडे साम्य काय? अर्थ जेथे इतका तुटलेला आहे, तेथे ध्वनीची साखळी अखंड असल्याचे मी कशावरून गृहीत धरले होते?

ती अखंड नाहीच. दोन स्वरांमधील एकेरी ‘ख’चा प्राकृतात ‘ह’ होतो, आणि मराठीत तो ‘ह’ राहतो किंवा लोप पावतो. ‘लिख्’पासून ‘लिहिणे’, ‘सखी’पासून ‘सही’ व पुढे ‘सई’. मराठीत ‘क’ उरतो तो जोडाक्षरापासून आलेल्या ‘क्ख’चा : भिक्षा, भिक्खा, भीक, शिक्ष्, सिक्ख्, शिकणे. ‘शिखरिणी’तील ‘ख’ एकेरी आहे. शिवाय प्राकृत रूप तर्काने बसविण्याची गरजही नाही, ते प्रत्यक्ष उपलब्ध आहे. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात भिक्षेच्या संदर्भात दूध, दही, लोणी, तूप, गूळ अशी जी यादी येते, तीत ‘सिहरिणी’ आहे. हा शब्द वारशाने मराठीत उतरला असता तर आपण आज ‘शिहरीण’ किंवा त्याहूनही झिजलेले काहीतरी म्हणत असतो. आरंभीच्या ‘श’चा आधार येथे कोणत्याच बाजूने घेता येत नाही, कारण ‘इ’पूर्वी प्राकृत ‘स’चा मराठीत ‘श’ होतच असतो. झ्यूल ब्लॉक यांच्या 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी भाषेवरील ग्रंथाच्या वाचकांस हे परिचित आहे.

तेव्हा ‘शिकरण’ हा तद्भव नव्हे. प्राकृताचा रस्ता बंद झाल्यावर संस्कृतातून पुन्हा उचललेला आणि बोलण्यात झिजलेला असा हा अर्धतत्सम शब्द आहे. ‘शिखरण’ हे रूपही मराठीत लिहिले व बोलले जाते, ते या प्रवासातील मधले ठाणे समजावे. महाप्राण गळणे हे या थरातील शब्दांना नवे नाही. ‘सुख’चा ‘सुक’ खेड्यांतून ऐकू येतोच. लिंगाचा गोंधळही यामुळे उलगडतो. ‘केळ्याची शिकरण’ असे म्हणणारे मूळ स्त्रीलिंग पाळतात; अंत्य ‘ई’ गळाल्यावर जो ‘करण’सारखा शेवट उरला, त्याच्या ओढीने काही जण ‘केळ्याचे शिकरण’ म्हणतात.

यावर कानडीचा आक्षेप निघेल, आणि कोल्हापुरात तो निघालाच पाहिजे. कानडीत ‘सीकरणे’ आहे. आंब्याचा किंवा केळ्याचा गर, दूध, साखर वा गूळ यांचा तो पदार्थ. देशी कानडी शब्दांत महाप्राण जवळजवळ नाहीत, त्यामुळे ‘ख’चा ‘क’ तेथे सहज होतो, आणि दीर्घ ‘सी’मध्ये गोडाचा वाचक ‘सी’ ऐकू आला असण्याचाही पुष्कळ संभव आहे. मग मराठीने हा शब्द कानडीतून घेतला असे का म्हणू नये? माझे उत्तर नेपाळीकडे बोट दाखवून आहे. नेपाळीत टांगलेल्या, मसालेदार गोड दह्याला ‘सिकर्नी’ म्हणतात. तेथे कानडीचा शेजार नाही, तरीही ‘क’ आहे. हिंदीत दही-साखरेच्या सरबताला ‘सिखरन’ म्हणतात, तेथे ‘ख’ शाबूत आहे. म्हणजे संस्कृत शब्द ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उचलला गेला, आणि महाप्राण गळणे हे काही ठिकाणी आपापतः घडले. अर्थाची गोष्ट वेगळी. दही सुटून फळ व दूध येणे हा बदल मराठी व कानडी यांत सामायिक आहे; नेपाळी व हिंदीने दही सोडले नाही. शब्द नव्हे, पण पाककृती सीमेपलीकडून आली किंवा गेली, असे मानण्यास जागा आहे.

फळ आल्यावर दही का गेले? वाग्भटाने केळे हे ताक व दही यांच्याशी विरुद्ध मानले आहे. या निषेधामुळे दह्याच्या जागी दूध आले, असे म्हणणे आकर्षक वाटते. पण वैद्यकातील निषेध स्वयंपाकघरात नेहमी पाळले जात असते तर आपल्या कितीतरी कोशिंबिरी अस्तित्वात आल्या नसत्या. या उपपत्तीवर मी भार टाकणार नाही.

आंब्याला तो निषेध लागू नाही, म्हणून फळयुक्त रसाला करावयाची तर आंब्याची करावी. चार जणांसाठी सुमारे 500 ग्रॅम म्हशीचे दही रात्रभर टांगावे. त्याचा साधारण 250 ग्रॅम चक्का पडतो. भावमिश्राच्या हिशेबाने साखर 125 ग्रॅम होईल, पण वाटीभर आमरस घालावयाचा असल्यास 70 ग्रॅम पुरे. तापवून पूर्ण थंड केलेले 500 मिलिलिटर दूध थोडे थोडे ओतीत सर्व फडक्यातून घासून काढावे. चार वेलदोडे, दोन लवंगा आणि सात-आठ मिरे ताजे कुटून घालावेत. कापूर खाण्याचाच असावा, आणि तोही मोहरीएवढा. पूजेचा कृत्रिम कापूर पोटात जाता कामा नये. मिऱ्याची तिखट चव प्रथम येत नाही, घोट गिळल्यावर येते, आणि त्यामागून कापराचा गारवा. या क्रमामुळेच हे पेय उन्हाळ्याचे ठरते.

चक्रपाणीकडील कृती करताना माझी एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी. भावमिश्राच्या सवयीने मी त्यातही दूध घातले, आणि ओले आले किसून भांडे तसेच ठेवून दिले. संध्याकाळी त्यात बारीक गुठळ्या झाल्या होत्या व चव कडवट झाली होती. ओल्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे एक विकर असते. पपई व अननस यांतही तशाच जातीची विकरे असतात, म्हणून ती फळेही कच्ची घालू नयेत. नंतर दोन्ही कृती पुन्हा शेजारी ठेवून पाहिल्या : जेथे आले आहे तेथे दूध नाही, आणि जेथे दूध आहे तेथे आले नाही. आल्याची रसाला नुसत्या घासलेल्या दह्याची, कोल्हापुरी गूळ किसून घालून करावी, आणि ती केल्यापासून तासाभरात संपवावी.