तांबोशी फोटोत राखाडी का दिसते?

पाण्याखालच्या फोटोग्राफीसाठी छोटा कॅमेरा निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवणच्या मासळीबाजारात तांबोशी लांबूनच ओळखू येते. टोपलीतला तिचा तांबडा रंग सकाळच्या उन्हात उठून दिसतो. तीच तांबोशी पाण्याखाली सात-आठ मीटरवर, खडकाच्या कडेला दिसते. आपण घाईघाईने फोटो काढतो. घरी येऊन पाहावं तर मासा राखाडी, खडक हिरवट-निळा आणि सगळ्यावर धुकं पसरल्यासारखं. 'कॅमेराच साधा आहे' असं म्हणून पुढच्या हंगामात आपण महागडा कॅमेरा घेतो. त्याही फोटोत तांबोशी राखाडीच निघते.

पाऊस संपला, समुद्र निवळला, की मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि अंदमानकडे जाणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. कोणता कॅमेरा घेऊ? किती मेगापिक्सेलचा? किती मीटरचा? या प्रश्नांमध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मधलं पाणी. जमिनीवर कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये हवा असते, तिचा विचार आपण करत नाही. पाण्याखाली मधलं पाणी रंग शोषतं, प्रकाश कमी करतं आणि तरंगणारे कण लेन्ससमोर आणतं. तेव्हा पहिला प्रश्न असा हवा : हा कॅमेरा मला विषयाच्या किती जवळ जाऊ देतो? हा प्रश्न हाताशी ठेवला, की पुढचे बरेच गैरसमज सुटतात.

गैरसमज १ : फोन वॉटरप्रूफ आहे, वेगळा कॅमेरा कशाला?

वस्तुस्थिती : फोनवरचं 'आयपी ६८' हे मानांकन नव्या फोनला, स्थिर आणि गोड्या पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीवर आणि वेळेपुरतं मिळतं. समुद्राचं पाणी खारं आणि हलतं असतं. मीठ चार्जिंगच्या खाचेत बसलं की धातू गंजायला लागतो. शिवाय टचस्क्रीन पाण्याखाली बोट ओळखत नाही, त्यामुळे फोटो काढायचं बटणच हाताला येत नाही. पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक फोनच्या वॉरंटीत धरलं जात नाही, हेही खरेदीच्या पावतीमागे वाचायला मिळेल. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी पावसात आणि होडीत उपयोगी पडते. डाइव्हसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

गैरसमज २ : जितक्या जास्त मीटरचा कॅमेरा, तितका चांगला.

वस्तुस्थिती : खोलीचा आकडा फोटोचा दर्जा सांगत नाही. कॅमेऱ्याचं अंग किती दाब सोसेल एवढंच तो सांगतो. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार. कॅमेऱ्याची पाठ १० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर उंच धरली, तर १० मीटरवर तिच्यावर ६० किलोचा जादा भार येतो. तो दारांच्या कडांवर, बटणांवर, स्क्रीनच्या काचेवर सगळीकडे पडतो.

आता आपण स्वतः किती खोल जाणार ते बघा. स्नॉर्केलिंग करणारा पृष्ठभागावरच असतो, फार तर दोन-तीन मीटर बुडी मारतो. प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या अनुभव-डाइव्हची 'पाडी' या संस्थेची मर्यादा १२ मीटर आहे. ओपन वॉटर प्रमाणपत्र घेतलेल्याला १८ मीटर आणि ॲडव्हान्स्डला ३० मीटर. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा २०२३ मधला कॅमेरा कोणत्याही कवचाशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो. म्हणजे अनुभव-डाइव्हला तो पुरतो, पण ओपन वॉटरवाल्याला नाही. तीन मीटर इकडेतिकडे होणं पाण्याखाली सहज घडतं. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यासाठी मिळणारं ४५ मीटरचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं पारदर्शक कवच, घ्यावं. निकॉनचा डब्ल्यू-३०० हा २०१७ मधला कॅमेरा ३० मीटरपर्यंत जातो, पण तो आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो. तिथे आकड्यापेक्षा सीलचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबराचं, वय महत्त्वाचं.

गैरसमज ३ : एकदा वॉटरप्रूफ, कायम वॉटरप्रूफ.

वस्तुस्थिती : पाणी अडवण्याचं काम कॅमेरा करत नाही, रबराची एक बारीक रिंग करते. हाउसिंगमध्ये ती सुटी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात ती बॅटरी आणि केबलच्या दारांच्या आत चिकटवलेली असते.

हे मी पैसे मोजून शिकलो आहे. तारकर्लीला दोन डाइव्हच्या मध्ये होडीतच बॅटरी बदलली. हात ओले, बोटांना वाळू. दार 'टक्' करून बसलं, मी निश्चिंत झालो. दुसऱ्या डाइव्हला पाच मीटरवर स्क्रीनच्या कोपऱ्यात वाफ दिसली आणि काही क्षणांत स्क्रीन काळी पडली. वर येऊन दार उघडलं तर रिंगवर वाळूचा एकच कण आडवा बसलेला होता, मोहरीच्या चौथाईएवढा. एक केस आडवा आला तरी असंच होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. कॅमेरा आदल्या रात्रीच, कोरड्या हातांनी, दिव्याखाली बंद करायचा. हाउसिंगची रिंग बाहेर काढायची ती बोटांच्या चिमटीने दाबून, टाचणीने किंवा सुरीने कधीच नाही. डोळे मिटून ती बोटांमधून फिरवायची, कारण जो खवखवीतपणा डोळ्याला दिसत नाही तो बोटाला लागतो. मग सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा थेंब सगळीकडे पसरायचा. रिंग चमकली की पुरे, कारण थर जाड झाला तर धूळ चिकटते. दारात चिकटवलेल्या सीलला मात्र ग्रीस लावायचं नाही, नुसतं कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं. हाउसिंग नवीन असेल तर पहिल्यांदा कॅमेरा आत न घालता, टिश्यू पेपर ठेवून बादलीत अर्धा तास बुडवायचं. टिश्यू कोरडा राहिला तरच कॅमेरा आत.

डाइव्हनंतर कॅमेरा दार न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवावा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबावीत. त्याने फटीतलं मीठ सुटतं. सील वर्षातून एकदा बदलून घ्यावा, असं उत्पादकच सांगतात. ही सवय लावायची तयारी नसेल, तर ज्याला दारच नाही असा कॅमेरा घ्यावा. सीलाइफचा मायक्रो ३.० असा पूर्ण बंद असून ६० मीटरपर्यंत जातो.

गैरसमज ४ : मेगापिक्सेल जास्त, म्हणजे फोटो स्वच्छ.

वस्तुस्थिती : टीजी-७ फक्त १२ मेगापिक्सेलचा आहे आणि त्याने काढलेले फोटो भिंतीवर लावण्याजोगे येतात. पाण्याखाली कमतरता असते प्रकाशाची, म्हणून सेन्सरचं क्षेत्रफळ पाहावं. छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. सोनी आरएक्स-१०० किंवा कॅनन जी-७ एक्स या मालिकांमधला 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. अंधाऱ्या, गढूळ पाण्यात हा फरक उघड दिसतो.

पण या मालिकांमधले कॅमेरे स्वतः वॉटरप्रूफ नसतात. त्यांना हाउसिंग लागतंच, आणि त्याची किंमत बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या आसपास जाते. वर्षाला दोन डाइव्ह करणाऱ्याने हा खर्च करू नये. दर हंगामाला दहा-पंधरा डाइव्ह करणाऱ्याने जरूर विचार करावा.

गैरसमज ५ : मासे जवळ येत नाहीत, म्हणून झूम मोठा हवा.

वस्तुस्थिती : हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. झूम केल्याने मासा मोठा दिसतो, पण मधलं पाणी कमी होत नाही. उलट तेच धूसर पाणी मोठं होऊन फोटोत येतं. मालवणच्या पाण्यात काही दिवस चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. तिथे तीन मीटरवरच्या माशाचा फोटो कुठल्याही कॅमेऱ्याने धुरकटच येणार.

त्यात प्रकाशाचं वक्रीभवन. पाण्यातली वस्तू सपाट काचेतून पाहिली, की आहे त्यापेक्षा पाव हिश्शाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं. २४ मिलिमीटरची लेन्स पाण्यात साधारण ३२ मिलिमीटरसारखी वागते, चौकट अरुंद होते. म्हणून पाण्याखाली झूमचा उलटा विचार करावा : लेन्स किती रुंद आहे आणि किती जवळून फोकस करते? टीजी मालिकेतले कॅमेरे मायक्रोस्कोप मोडमध्ये एका सेंटिमीटरवरून फोकस करतात. खडकावरची नखाएवढी समुद्री गोगलगाय त्यात चौकटभर मावते, आणि मध्ये पाणी असतं जेमतेम बोटभर. मोठ्या दृश्यासाठी हाउसिंगच्या काचेवर पाण्यातच चढवता येणारी वाइड वेट लेन्स मिळते. ती असेल तर एका हाताच्या अंतरावरून अख्खा डायव्हर चौकटीत येतो.

ॲक्शन कॅमेऱ्याचंही इथेच कळतं. गोप्रो हीरो-१२ हाउसिंगशिवाय १० मीटर आणि हाउसिंगसह ६० मीटर जातो, त्याची चौकट रुंद आहे, व्हिडिओला तो उत्तम. पण त्याचा फोकस ठरलेला असतो, म्हणून बोटभर अंतरावरच्या जिवाचा फोटो त्यात धूसर येतो.

गैरसमज ६ : फ्लॅश मारला की रंग परत येतात.

वस्तुस्थिती : अर्धं खरं. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की लाल रंग आधी शोषला जातो, पाच मीटरपर्यंत तो बराचसा गेलेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात खोल पोचतो. खोलीवर बोट कापलं तर रक्तही हिरवट दिसतं. आणि पाणी फक्त वरून खाली मोजायचं नसतं. पाच मीटर खोलीवरच्या तांबोशीचा फोटो तीन मीटर अंतरावरून घेतला, तर प्रकाशाने आठ मीटर पाणी कापलेलं असतं. तिचा तांबडेपणा त्या आठ मीटरमध्ये गेला.

म्हणून रंगासाठी प्रकाश सोबत न्यावा लागतो. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. त्यासाठी त्यांना पाण्यावर तराफा तरंगवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली होती. आज ते काम मुठीएवढी स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा बसवायचा फ्लॅश, करते.

मग कॅमेऱ्यातला फ्लॅश का पुरत नाही? तो लेन्सला लागून असतो. धुळीच्या रस्त्यावर गाडीचा दिवा लावला की समोर धूळच चमकते, तसे पाण्यातले कण चमकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या, फोटोत विषय इतका जवळ असतो की कणांना जागाच राहत नाही, तिथे हा फ्लॅश चालतो. एरवी तो बंद ठेवावा, किंवा दांड्यावर बसवलेली स्ट्रोब बाजूने, तिरक्या कोनात वापरावी. स्ट्रोब परवडत नसेल तर पांढऱ्या पाटीवर किंवा स्वतःच्या तळव्यावर व्हाइट बॅलन्स नव्याने ठरवावा, आणि खोली बदलली की पुन्हा. फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत, घरी रंग सुधारायला वाव राहतो. निळ्या पाण्यात लाल फिल्टरही मदत करतो, पण फ्लॅशसोबत तो वापरायचा नाही.

गैरसमज ७ : कॅमेरा चांगला असला की पहिल्याच डाइव्हला फोटो मिळतील.

वस्तुस्थिती : पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येत नसेल, तर हातात कॅमेरा असणं धोक्याचंच. लक्ष स्क्रीनकडे जातं, खोली आणि हवा विसरली जाते, फिन खाली आपटून वाळू उडते किंवा प्रवाळ मोडतं. प्रवाळाच्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. खडक उभारणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. फोटोसाठी जिवाला ढकलणं, उचलणं, जागेवरून हलवणं हे कधीही करू नये. आधी कॅमेऱ्याशिवाय चार-पाच डाइव्ह कराव्यात, जागेवर स्थिर राहायला शिकावं, मग कॅमेरा हाती घ्यावा. चांगला फोटो जवळ गेल्याने मिळतो, आणि स्थिर राहता आलं तरच कशालाही धक्का न लावता जवळ जाता येतं.

मग घ्यायचा कोणता?

वर्षातून एकदा स्नॉर्केलिंग किंवा अनुभव-डाइव्ह असेल, तर १५ मीटरचा, जवळून फोकस करणारा, रॉ देणारा छोटा कॅमेरा पुरे. प्रमाणपत्र घेऊन नियमित डाइव्ह करत असाल, तर तोच कॅमेरा हाउसिंगसह, आणि उरलेल्या पैशांत एक स्ट्रोब. छंद पक्का झाला असेल, तर एक इंची सेन्सरचा, छोट्या झूमचा कॅमेरा, हाउसिंग आणि वेट लेन्स. कॅमेऱ्यावर सगळे पैसे खर्चून प्रकाशाला काहीच न उरणं, ही चूक मी अनेकांच्या हातात पाहिली आहे.

दुकानात गेलात की डब्यावरचे आकडे थोडे बाजूला ठेवा. कॅमेरा हातात घ्या, तो मॅक्रोवर टाका आणि स्वतःच्या बोटाजवळ न्या. अजून जवळ. बोटावरच्या रेषा एकेक करून स्पष्ट दिसायला लागल्या, तर तो कॅमेरा पाण्यात नेण्याजोगा आहे.