वसईच्या लढ्यातला लेखक

फादर फ्रान्सिस दिब्रिटो मूळचे वसईच्या नंदाखालचे. टँकरनं पाणी उपसणं, बागायतीवर चालून येणारं काँक्रीट, गुंडगिरी या सगळ्यांविरुद्ध ते ‘हरित वसई’ चळवळीतून उभे राहिले. धमक्या आल्या, पण लेखणी थांबली नाही. उलट मला वाटतं, त्यांच्या गद्याला धार आली ती या लढ्यातूनच! ‘सुवार्ता’ मासिकही त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हा मान मिळालेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. पाठीच्या दुखण्यानं हैराण असूनही व्हीलचेअरवरून आले आणि निर्भीडपणे बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. वसई-विरारच्या प्रत्येक लिहित्या मुलानं त्यांचं ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र जरूर वाचावं.