चौघांची बैठक, एकट्याचा सूर

आषाढाचे ढग सुरसागरावर उतरू लागले, की आमच्या बडोद्यात महाविद्यालयांची नवी सत्रे सुरू होतात. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती जी गायनशाळा सोपविली, तिचा वंश आज विद्यापीठाच्या छत्राखाली नांदतो आहे. शहरातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांतली काही मुले संध्याकाळी माझ्याकडे बसतात. या दिवसांत त्यांचा एक प्रश्न हमखास येतो, "गुरुजी, आम्ही चौघांनी मिळून अभ्यास केला तर चालेल ना?"

चालेल काय, अवश्य करावा! मात्र मिळून करावा म्हणजे कसा, हे आधी ठरविले पाहिजे.

माझे वडील संस्थानच्या अखेरच्या काळात, अगदी कोवळ्या वयात, दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि ती चाकरी संपली. पुढची सारी वर्षे त्यांनी घरीच शिष्य शिकविले. त्यांच्या तालमीला चार शिष्य एकत्र बसत. पण चौघे एकदम क्वचितच गात. एक गाई, दुसरा तंबोरा धरी, तिसरा हातावर ताल देई आणि चौथा नुसता ऐके. हे चौथ्याचे काम सर्वांत अवघड, कारण गाणे थांबताच वडील त्यालाच विचारीत, "कुठली जागा राहिली?" मग कामे बदलत. उठण्यापूर्वी प्रत्येकाला एकट्याने गावेच लागे.

हल्लीच्या मंडळींचा अभ्यास नेमका याच्या उलट चालतो. चौघे एकत्र येतात, पुस्तकाचे चार भाग करून वाटून घेतात, एकमेकांच्या वह्यांची छायाचित्रे मोबाईलवर पाठवितात आणि बंदिश सगळे मिळून म्हणतात. एकत्र म्हणताना सर्वांनाच ती येते असे वाटते. दोघांचा सूर पक्का असला की उरलेले दोघे त्याच्या आडोशाला सुखाने राहतात. परीक्षकासमोर मात्र आडोसा नसतो.

गेल्या वर्षी असाच एक मुलगा माझ्याकडे आला. घरात गाण्याचा वारसा नाही, वर्गात तोंड उघडायची भीती. महिनाभरातच तो महाविद्यालय सोडण्याच्या गोष्टी बोलू लागला. त्याच्या मित्रमंडळात मी त्याला ऐकणाऱ्याची जागा दिली. त्या दिवशी भूपाली चालला होता. गाणारी मुलगी धैवतावर फार रेंगाळली, तेव्हा हा हळूच म्हणाला, "हा देसकारकडे नाही का गेला?" दोन्ही रागांचे स्वर तेच पाच; परंतु भूपालीचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. हे पुस्तकात सर्वांनी वाचले होते, कानाने ओळखले ते त्याने. आता आपले म्हणणे पटवून द्यायचे, तर गाऊन दाखविणे आले. तो एकट्याने गायला, आणि महाविद्यालय सोडण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

जुन्या तालमीचे हे शहाणपण शास्त्रानेही तपासून पाहिले आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्याच लक्षात अधिक राहिले होते. थोडे थोडे दिवसांच्या अंतराने केलेले पाठांतर टिकते, हे तर जर्मन पंडित एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखविले होते.

म्हणून माझ्या मुलांना मी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सांगतो: मंडळ चौघांचे असावे, फार मोठे नको. बैठक आठवड्यातून दोनदा, तासाभराची; परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण नव्हे. येण्यापूर्वी प्रत्येकाने आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि बंदिशीचे स्वरलेखन पुस्तक मिटून लिहून आणावे. जो भाग ज्याला कच्चा वाटतो, तोच त्याने इतरांना समजावून सांगावा. अडला तर लगेच सांगू नये; थोडे थांबावे, मग पुस्तक उघडावे. इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. बंदिशीच्या जागी प्रमेय ठेवले म्हणजे झाले.

वडीलधाऱ्या वाचकांना एक विनंती. मुलांना अशी बैठक घालायला जागा मिळत नाही. आपल्या दिवाणखान्यातली आठवड्याची एक संध्याकाळ त्यांना द्या. चहा पाठवा, दूरदर्शनचा संच बंद ठेवा, आणि आतून एकाच मुलाचा चाचरता आवाज येऊ लागला, तर अभ्यास ठीक चालला आहे असे समजा.