रिक्वेस्ट पुढे गेली, सामान मागे राहिलं

१९९५च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट थाउ यांची नवी रचना अपाचे वेब सर्व्हरमध्ये आली. तिच्यातल्या दोन गोष्टी आजवर टिकून आहेत: मॉड्यूल आणि मेमरीचा पूल. मॉड्यूलमुळे कुणालाही आपला कोड सर्व्हरमध्ये बसवता येऊ लागला. पूलमुळे रिक्वेस्ट संपली की तिच्यासाठी घेतलेली मेमरी एका फटक्यात मोकळी होऊ लागली. मग लॉगिन तपासणाऱ्या मॉड्यूलला जे कळलं, ते लॉग लिहिणाऱ्या मॉड्यूलपर्यंत पोचवायचं कसं, हा प्रश्न आलाच.

सुरुवातीला ग्लोबल व्हेरिएबलवरही भागायचं. युनिक्सवरच्या अपाचे १.३ मध्ये एक प्रोसेस एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळायची, त्यामुळे ते खपून जाई. २००२ मध्ये २.० आली, सोबत थ्रेड आले, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एका वेळी अनेक रिक्वेस्ट, आणि एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटायची वाट मोकळी झाली.

रीतसर सोयी दोन होत्या. एक, प्रत्येक मॉड्यूलचा स्वतःचा कप्पा. त्यात कसलाही पॉइंटर ठेवा, पण परक्या मॉड्यूलला तो वाचायचा तर तुमची हेडर फाइल हवी. दुसरी, ‘नोट्स’ नावाचं टेबल: नाव आणि किंमत, दोन्ही नुसत्या स्ट्रिंग. दिसायला गरीब, पण माझ्या मते खरी कामाची हीच, कारण लॉगच्या फॉरमॅटमध्ये नोटचं नाव घातलं की एक ओळही कोड न लिहिता ती छापून येते. स्ट्रिंगचं बंधन मात्र जाचायचं. अपाचेत पर्ल चालवणाऱ्या मॉड-पर्लवाल्यांनी त्यासाठी ‘पी-नोट्स’ काढल्या, तर सी भाषेत मॉड्यूल लिहिणाऱ्यांतले काही पॉइंटरचा पत्ताच अक्षरांत लिहून टेबलात ठेवत. जुगाडच तो!

पण सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न तसा सोपाच होता. गोची रिक्वेस्टमध्येच होती, कारण ती एकच असते हे गृहीतच चुकीचं. समजा, तुमच्या मॉड्यूलने नोट्समध्ये ग्राहकाची श्रेणी लिहिली. पान सापडलं नाही, ४०४ आला, आणि एररसाठी सर्व्हरवरचंच एक पान नेमलेलं आहे. अपाचे आतल्या आत रीडायरेक्ट करतो, म्हणजे नवी रिक्वेस्ट बनवतो आणि तिला कोरं नोट्स टेबल देतो. लॉग नोट्स वाचतो त्या शेवटच्या रिक्वेस्टच्या, त्यामुळे श्रेणीच्या जागी नुसती आडवी रेघ. उपाय एका चिन्हाचा: टक्क्यानंतर ‘<’ घातलं की मूळ रिक्वेस्ट वाचली जाते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स रीडायरेक्टमध्ये सोबत येतात, पण नावाच्या आधी ‘रीडायरेक्ट’ चिकटवून. जुन्या नावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

२००४ मध्ये इगोर सिसोएव यांचा एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर खुला झाला. तिथे आतल्या रीडायरेक्टला रिक्वेस्ट तीच राहते, पण सगळ्या मॉड्यूलचे कप्पे पुसून शून्य केले जातात. पूल मात्र शाबूत राहतो. त्याचा फायदा खुद्द एनजिनएक्सच्या रिअल-आयपी मॉड्यूलने उचलला आहे. कनेक्शनचा मूळ पत्ता ते पूलच्या क्लीनअप हँडलरला जोडून ठेवतं, आणि कप्पा रिकामा मिळाला की हँडलरांची यादी चाळून तो परत मिळवतं. मेमरी आवरायला केलेली यादी इथे निरोप्याचं काम करते, आणि तसं सांगणारी टिप्पणीही सोर्समध्ये आहे.