अलंकार ओळखलात? छान. गुण शून्य!

उपमा की उत्प्रेक्षा, हे अचूक ओळखलं की आपल्याकडे गुण पदरात पडतो. ही सवय घेऊन अमेरिकेतल्या ‘एपी लँग’ला बसणाऱ्याची मात्र पंचाईत होते. पूर्ण नाव ‘एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’. एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास. ‘कॉलेज बोर्ड’ नावाची संस्था ही परीक्षा दर मे महिन्यात घेते आणि पाच लाखांहून जास्त मुलं, बहुतेक अकरावीतली, तिला बसतात. 5 पैकी किमान 3 किंवा 4 पडले, की बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षीच्या लेखनाच्या कोर्समधून सुटका होते. तिकडची फी बघता आईबाबाही या परीक्षेसाठी देव पाण्यात घालून बसत असतील, तर नवल नाही.

नेमलेलं पुस्तक? नाहीच!
कविता नाही, कथा नाही. भाषणं, पत्रं, लेख यांतला कुठलाही उतारा समोर येऊ शकतो. 2005 साली तर ‘द अनियन’ या टवाळखोर वृत्तपत्रातला मजकूर आला: बुटात घालायच्या ‘चमत्कारी’ इनसोलची, प्रसिद्धिपत्रकाच्या थाटातली बनावट बातमी. जाहिरातवाले भोळ्या गिऱ्हाइकाला शास्त्रीय शब्दांनी कसं गुंडाळतात, याची ती टिंगल होती. ती ओळखून उलगडून दाखवायची. जो गंभीर चेहऱ्याने वाचत गेला, तो गेला.

गांधीजी पेपरात
2019 चा उतारा आपल्या ओळखीचा होता. मिठाच्या सत्याग्रहाआधी, 2 मार्च 1930 रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिलं, त्याचा शेवटचा भाग. दहाच दिवसांनी ते साबरमतीहून दांडीकडे निघाले. कायदा मोडणार असल्याची आगाऊ सूचना, तीही सरकारच्या प्रमुखालाच, आणि सूर मित्राला लिहिल्यासारखा! पत्र पोचवायला निवडला तोही एक तरुण इंग्रज, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स. (ही निवडसुद्धा एक युक्तिवादच होता, असं मला वाटतं.) ‘गांधीजींची भाषा नम्र आहे’ एवढं लिहिणाऱ्याला परीक्षक मनात म्हणणार, ‘बरं, मग?’ नम्रता का? आयर्विनखेरीज हे पत्र आणखी कोण वाचणार होतं? धमकी न देता समोरच्याला कोंडीत कसं पकडलंय? गुण आहेत ते इथे.

अंतराळातलं मांजर
या ‘का’चा विसर पडू नये म्हणून तिकडच्या शिक्षकांनी ‘स्पेस कॅट’ हे सूत्र रुळवलंय. वक्ता, हेतू, श्रोते, संदर्भ, निमित्त, लेखकाने केलेल्या निवडी, आवाहनं आणि सूर यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते तयार होतं. त्यातली आवाहनं थेट अ‍ॅरिस्टॉटलकडून आलेली: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक पंडित हेल्मेटवाल्या मांजरावर स्वार!

सहा गुणांचा हिशेब
आधी तासाभरात 45 बहुपर्यायी प्रश्न, मग सव्वादोन तासांत तीन निबंध. एकात सहा स्रोत हाताशी देतात, त्यातले किमान तीन वापरून स्वतःची बाजू मांडायची. दुसरा उताऱ्याच्या विश्लेषणाचा. तिसऱ्यात केवळ स्वतःच्या डोक्याचा भरवसा. प्रत्येक निबंधाला सहा गुण: ठाम भूमिकेला एक, पुरावे आणि त्यांच्या उलगड्याला चार, आणि उरलेला एक प्रगल्भतेचा. हा शेवटचा महाकंजूस. उगाच अवजड शब्दांची आरास मांडून तो मिळत नाही, उलट दुसरी बाजूही नीट तोलून पाहणाऱ्याच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त. माझ्या मते सगळ्या गुणपत्रिकेतला हाच सर्वांत शहाणा गुण आहे.

विषयही गमतीदार. 2016 मध्ये विचारलं होतं, फक्त इंग्रजीच येणाऱ्यांचं आजच्या जगात नुकसान होतं का? न्यू जर्सीत राहून आजीशी फोनवर मराठीत बोलणाऱ्या मुलीला हा पेपर आयताच सापडला असता. 2019 मध्ये तर अवाजवी डोक्यावर घेतलेली एखादी गोष्ट स्वतःच निवडून तिच्यावर लिहायचं होतं. कुरकुरीला अधिकृत परवाना!

खोडलेली गंमत
निबंधात खोडलेला मजकूर परीक्षक तपासत नसत. हे कळल्यावर मुलं गप्प बसतील? 2008 च्या सुमारास फेसबुकवर ठरवून मुलांनी गंभीर निबंधाच्या मधोमध ‘300’ या सिनेमातली स्पार्टाची प्रसिद्ध गर्जना लिहिली आणि तिच्यावर सरळ रेघ ओढली. बिचारे परीक्षक! जूनमध्ये हजारो शिक्षक-प्राध्यापक हेच निबंध तपासत असतात. 2025 पासून परीक्षा संगणकावर गेली, त्यामुळे आता कागदावर रेघ ओढायची सोय राहिली नाही.

आणि विषयांकडे परत यायचं, तर 2008 चा प्रश्न? एका सेंटचं नाणं, पेनी, बंद करावं का? मुलांनी हिरिरीने बाजू मांडल्या. सरकारने चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं ते 2025 साली, तोवर ती मुलं तिशी ओलांडून गेली होती.